बाभळीचे दोन ठोकळे

ही उडतउडत ऐकलेली गोष्ट नाही. परतवाड्याच्या अब्दुल गफ्फार मिस्त्रींनी स्वतः सांगितलेली आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण हसू नका.

साल १९६३. फेब्रुवारीतली भर दुपार.

वलगावच्या धर्मपालची जुनी पिकअप मागून पार बसली होती. संत्री भरली की चाकं वर घासायची. मागची बाजू चार बोटं उचलून द्या म्हणाला, अन् चहाला गेला.

मिस्त्रींनी पुढच्या चाकांना दगड लावले. मागून जॅकनं उचललं, चासीखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली, बाभळीचे दोन ठोकळे दिले, मग मागची चाकं काढली. गाडी हलवून पाहिली. ढिम्म.

आठ वर्षांपूर्वी याच जागी त्यांचा भाऊ इनायतुल्ला गेला होता. तो गाडीखालून निघाला असं समजून मिस्त्रींनीच ठोकळे ओढले, अन् जॅक सटकला.

ठोकळे काढण्याआधी चासीवर दोनदा ठोकायचं, हा दुकानाचा नियम. भाऊ गेला त्या दिवशी मिस्त्रींनी ठोकलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांना रडूही आलं नाही. जेवायचे, काम करायचे, झोपायचे. बस्स.

भार पेलणाऱ्या दोन्हीकडच्या पोलादी कमानींत एकेक पाटा वाढवला. लांब बोल्ट आवळले. ब्रेकची नळी ताणत तर नाही ना, ते खाली पडून बघत होते...

टक. टक.

"थांब ना बाप्पा, काहून घाई करून राहिला?"

त्यांना वाटलं, धर्मपाल चहा पिऊन आला.

पुन्हा... टक. टक.

जुन्या सवयीनं अंग आपसूक बाहेर सरकलं.

बाहेर कोणीच नव्हतं.

जॅक आडवा पडलेला. पडल्याचा आवाज तर आला नव्हता.

वाकून पाहिलं... ठोकळे नव्हते.

ते भिंतीशी होते. एकावर एक. इनायतुल्ला ठेवायचा तसे.

अन् गाडी वरच होती. चाकं नाहीत, खाली टेकू नाही.

मग कोणीतरी दमून श्वास सोडला...

गाडी धाडकन खाली आली.

धर्मपाल पळत आला. "मिस्त्री, खाली कोनी होतं का?"

"मीच होतो."

त्यांना भीतीसुद्धा वाटली नाही म्हणे. हात पुसले, अन् पुन्हा जॅक लावला.

म्हातारपणी मला एवढंच विचारलं, "ठोकळे त्यानंच काढले असतील, तं मंग मले आवाज काहून देल्ला?"

त्या दुकानावरून जाताना मी अजून पलीकडच्या बाजूनं जातो.