हेरंब रेडकरांचा हातगुण

समुद्र तापत गेला आणि कोकण किनाऱ्यालगतची प्रवाळं पांढरी पडून मेली, तेव्हा वाचवलेले थोडे तुकडे लोकांच्या घरी सांभाळायला देण्यात आले. ‘दत्तक टाकी’ असं त्या योजनेचं नाव. काचेची पेटी, खारं पाणी, दिवे, पंप आणि मधल्या दगडावर चिकटवलेलं बोटभर प्रवाळ.

साताऱ्याच्या रेडकरांकडे अशी एक टाकी होती. सुरुवातीला घरातला प्रत्येक जण तिच्यात हात घालायचा. हेरंब, त्यांची बायको मुग्धा, मुलगा अर्णव, सून, सगळेच. पण प्रवाळ कायम मलूल. हळूहळू कौतुक ओसरलं. अर्णव नोकरीसाठी बायकोसह कॅनडाला गेला. सुनेच्या बाळंतपणाला मुग्धा गेली आणि नातवात गुंतून तिकडेच राहिली.

हेरंब निवृत्त झालेले. एकदा दुपारी सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांचं लक्ष टाकीकडे गेलं. काचा हिरव्या झाल्या होत्या, कडेला मिठाचे थर साचले होते, पंप घरघरत होता. ही टाकी फेकून द्यायची म्हटलं तरी कोणाला तरी बोलवावं लागणार, असं मनात येऊन ते उठले आणि त्यांनी बाही वर केली.

आधी जुन्या टूथब्रशने शेवाळ खरवडलं. पंप उघडून धुतला. पाणी एकदम बदललं तर उरलंसुरलंही मरेल हे त्यांनी वाचलं होतं, म्हणून ते दर आठवड्याला थोडंच पाणी काढत आणि तेवढंच नवं, मोजून मीठ घातलेलं, ओतत. रोज सकाळी हात घालून दगड साफ करत. काही महिन्यांनी दगडावर गुलाबी पापुद्रा धरला. मग मेल्यासारख्या वाटणाऱ्या प्रवाळाच्या टोकांवर बारीक तोंडं उघडू लागली. हेरंबना ते कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. त्यांनी टाकी देणाऱ्या प्रवाळ केंद्राला फोटो पाठवला.

फोटो पाहून केंद्रातल्या डॉ. शलाका नाईकवाडे स्वतः आल्या. हातमोजे घालून त्यांनी टाकीतलं पाणी घेतलं, कापसाच्या बोळ्याने हेरंबचा तळहातही पुसून घेतला.

“काका, घरात कोण कोण असतं?”

“मी एकटाच.”

“येणं-जाणं?”

“झाडलोट यंत्र करतं. सामान दाराशी ठेवून जातात.”

“शेवटचा कोणाच्या हातात हात कधी दिला होतात?”

हेरंब बोटांवर महिने मोजू लागले. त्यांना आठवेना.

पंधरवड्याने डॉक्टर पुन्हा आल्या आणि टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या.

“प्रवाळ म्हणजे बारीक जिवांची वसाहत. त्यांच्या अंगावर एक बुळबुळीत थर असतो, त्यात जिवाणू राहतात. पाणी तापलं की ते जिवाणूच प्रवाळाला तगवतात. समुद्रातले ते जिवाणू आता संपले. टाकीतल्या प्रवाळाला ते मिळतात सांभाळणाऱ्याच्या हातावरून. आम्ही त्याला हातगुण म्हणतो.”

“डॉक्टरला असतो म्हणतात, तसा?”

“तसाच. फक्त हा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो.”

“मग आम्ही सगळे हात घालत होतो तेव्हा का नाही जगलं?”

“घरातली माणसं एकमेकांना सारखा हात लावतात. पाठीवर थोपटतात, पोरं उचलतात. दर स्पर्शाला तळहातावरची वस्ती थोडी बदलते. प्रवाळ एकीशी जुळवून घेतं न घेतं तोच दुसरी येते. तुमच्या हातावरची मात्र बदलतच नाही.”

“मग तेच जिवाणू प्रयोगशाळेत वाढवा की.”

“वाढवले. काचेच्या बशीत त्यांचा गुण जातो. त्यांना जिवंत माणसाची कातडी लागते.”

हेरंबच्या टाकीतल्या प्रवाळाचे तुकडे मालवणजवळच्या खडकांवर लावले गेले. उन्हाळा आला, पाणी तापलं, आणि ते पांढरे पडले नाहीत. डॉक्टरांनी पाठवलेल्या चित्रफितीत त्यांच्याभोवती पिवळे मासे फिरत होते. हेरंबनी ती पुन्हा पुन्हा पाहिली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मुग्धाचा फोन आला. “आम्ही सगळे येतोय. आणि मी आता परत जाणार नाही.”

हेरंबनी गाद्यांना ऊन दिलं. मग डॉक्टरांना फोन केला.

“घर तुमचं आहे, काका,” त्या म्हणाल्या. “मी काय सांगणार?”

“पण?”

“यंदा आणखी तुकडे मिळाले तर तिथलं प्रवाळ स्वतःच्या बळावर वाढेल. नाही मिळाले तर पुन्हा पहिल्यापासून. पाऊस लागेपर्यंत निभावलं तर पुरे.”

विमानतळावर हेरंब हात पाठीमागे बांधून उभे होते. मुग्धाला आधी थट्टा वाटली. घरी त्यांनी सगळं समजावून सांगितलं, टाकी दाखवली. अर्णवने मान डोलावली. दीड वर्षांचा ईशान दोन्ही हात वर करून आजोबांकडे धावत आला आणि हेरंब खुर्चीच्या मागे सरकले.

पोरगं रडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. मग त्याने हात वर करणं सोडून दिलं. लांबूनच टाटा करू लागलं.

“मी अर्णवबरोबरच परत जाते,” मुग्धा निघताना म्हणाली. “समोर असून असं राहणं मला जमणार नाही. तुझं झालं की कळव.”

पाऊस लागला. यंदाचे तुकडेही खडकांवर रुजले, तिथलं प्रवाळ आपणहून वाढू लागलं. “काका, तुम्ही मोकळे,” डॉक्टर म्हणाल्या. टाकी त्यांनी कराडच्या एका एकट्या बाईंकडे हलवली. कोपऱ्यात जमिनीवर मिठाचा चौकोन उरला, तो हेरंबनी पुसला आणि मुग्धाला फोन केला. ती म्हणाली, “येते.”

ती आली. विमानतळावरून घरी येताना टॅक्सीत तिने त्यांचा हात हातात घेतला. तिचा तळवा उबदार होता, थोडा घामेजलेला. हात मागे घ्यायचा नाही, असं स्वतःला बजावत हेरंब खिडकीबाहेर बघत बसले, आणि ती कधी सोडते याची वाट पाहत राहिले.