पाचातला एक

निकेश, सरकून बस. जागृती, तू हसतेस ते मला दिसतंय हां. गोष्ट माझ्या तांडेलाची, कोंडाजीची. थळच्या त्याच्या बोटीवर बावीस वर्षं खलाशी होतो मी, त्यामुळे उगाच ऐकीव काही सांगत नाही.

तीस डिसेंबर २०२४. सोमवारची अमावस्या. संध्याकाळी कोंडाजी स्कूटरला सुक्या बोंबलांची पिशवी लावून मुरुडला निघाला, अब्दुस्समदभाईंचा वाटा द्यायला. खलाशी आजारी पडून घरी बसला तरी त्याचा वाटा काढायचा, ही आमची रीत. अब्दुस्समदभाई काही आमच्या बोटीवरचे नव्हते. पण मुंबईच्या इस्पितळात ते कोंडाजीच्या शेजारच्या खाटेवर होते. दोघांच्याही स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ, दोघांचं ऑपरेशन एकाच आठवड्यात. त्या खोलीत असे पाच जण होते; बाकी चौघांना कोंडाजी आपले खलाशीच म्हणायचा. डॉक्टरांनी लपवलं नाही. म्हणाले, "पाचातला एखादाच पाच वर्षं काढतो."

डॉक्टर हजारो पेशंट बघून बोलले. कोंडाजीने त्या खोलीतल्या खाटा मोजल्या. त्याला तो एक व्हायचं होतं. पुढे एकेक करत तिघं गेले. दर वेळी फोन आला की तो रडायचा, पण तोंडावर सुटका दिसायची. मला त्याचा राग यायचा, आणि कीवही. त्या सोमवारी त्याच्या ऑपरेशनला पाच वर्षं भरायला एकच दिवस उरला होता.

काशीदच्या पुलावर अब्दुस्समदभाईंच्या मुलाचा, अदनानचा फोन आला. "चाचा, अब्बांची तब्येत लय बिघडलीय. डॉक्टर न्हाय म्हनतात."

आमच्यात माणूस गेला की त्याचा शेवटचा वाटा पाण्यात सोडतात. कोंडाजीने पिशवी तिथेच पुलावरून रिकामी केली आणि स्कूटर मागे वळवली.

मला येऊन सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. "तांडेल, जित्या मानसाचा वाटा सोडलास?"

"त्यो जानारच हाय रे, अनंता. मंग मीच उरतो."

पुढचं ठमीवहिनींनी, त्याच्या बायकोने सांगितलेलं. रात्री अडीच वाजता बाहेरून हाक आली. पहाटे समुद्रावर निघताना खलाशी मारतात तशी.

"तांडेल..."

कोंडाजी उठून बसला.

"कोन हाय?" वहिनींनी विचारलं.

"खोलीतली मानसं."

"कंच्या खोलीतली?"



पुन्हा हाक. तीन आवाज.

"बोट तर वर ओढलेली हाय..." वहिनी म्हणाल्या.

तो दाराकडे बघत राहिला. मग हळूच...

"आलो."

वहिनींनी त्याचा हात घट्ट धरून ठेवला. रात्रभर.

उजाडलं तेव्हा दाराची कडी आतून लागलेली. कोंडाजी खाटेवरच. श्वास नाही.

अब्दुस्समदभाई त्या दुखण्यातून उठले. गेल्या जुम्म्याला चालत मशिदीत गेले.

त्या सकाळी मी किनाऱ्यावर गेलो. फळी बदलायला आमची बोट आठ दिवस वाळूवर होती, पाण्यापासून दोनशे पावलं लांब. जाळंही तेवढेच दिवस आत सुकं पडून होतं.

त्या सकाळी जाळ्यातून पाणी ठिबकत होतं. बोंबील अजून तडफडत होते...

ते जाळं ओढायला चार माणसं लागतात.