बदाम खाल्लेल्या कोंबड्या

"शाम, पाय उचल रे. गाडी भरली की हाडं गेलीच समज," अंबिका धाकट्या भावाला म्हणाली, आणि धाप लागून स्वतःच बडा गणपतीच्या देवळाच्या पायरीवर टेकली. मे महिन्याच्या उन्हानं दोघांच्याही अंगात त्राण ठेवलं नव्हतं. सुटी लागल्यापासून आजोबांची पेटी वाचावी म्हणून अर्ज घेऊन कचेरीचे हेलपाटे घालण्यातच तिचे दिवस गेले होते.

आजोबांनी, म्हणजे अप्पासाहेबांनी, संस्थानाच्या दिवसांत मॉरिशस बेटाच्या दलदलीतून पेटीभर हाडं आणली होती. कधीच नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याची. पुढं संस्थान मध्यभारत राज्यात विलीन झालं. उन्हाळ्यापुरतं सरकार ग्वाल्हेरहून इंदुरात येऊ लागलं, त्याच्या फायलींना पेटी ठेवलेल्या कचेरीत जागा हवी झाली. कारकून चिंतामणरावांनी पेटी उघडली, नाकाला उपरणं लावलं आणि यादीत ठोकून दिलं: कोंबडीची हाडं. आज ती खतासाठी दळायला जायची होती.

अप्पासाहेबांनी दरबाराला कोंबड्या दाखवून फसवलं, असं गल्लीत जो तो दात काढून सांगे. अप्पासाहेब मात्र "दमलो मी पोरी, जाऊ दे," एवढंच म्हणत. त्यांचंही त्या पक्ष्यासारखंच झालं होतं. उभ्या जन्मात कुणी वैरी भेटला नाही, भांडायची सवयच मोडली.

पण चिंतामणरावांनी जन्मात कोंबडी खाल्ली नव्हती, आणि न खाणाऱ्यानं हाड ओळखावं म्हणजे आंधळ्यानं सोनं पारखावं! अंबिकेच्या घरी दर रविवारी कोंबडी शिजे. कालची हाडं धुऊन, वाळवून तिनं पुडीत बांधून आणली होती.

कचेरीच्या दारात गाडी उभीच होती. अंबिकेनं शामला सुलोचनाबाईंकडे पिटाळलं. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. मग ती म्हाताऱ्या गाडीवानाच्या कानाला लागली. तो मिशीत हसला आणि आत जाऊन म्हणाला, "बाबूजी, एक-एक हड्डी अपने हात से गिन के दो. नी तो रेन दो."

मोजून दिल्याशिवाय गाडीवान पेटी उचलेना, आणि चिंतामणराव शिव शिव करत मागं सरले. सोमवारचा उपास, आणि हाडाला हात? शिपायाला हाक मारावी, तर तो जेवायला गेलेला. अर्धा तास असाच गेला. गाडीवान चाकाशी डोकं टेकून घोरू लागला.

तेवढ्यात घामाघूम सुलोचनाबाई आल्या, मागून शाम लंगडत. अंबिकेनं पुडी सोडली.

"काका, ही कोंबडी. हे छातीचं हाड बघा, मधे होडीच्या तळासारखा उंच कंगोरा आहे. पंख हलवणारं मांस त्याला धरून असतं. आता पेटीतलं बघा. कंगोरा नावापुरता. पंखाचं हाड एवढंसं, आणि तंगडीचं माझ्या अंगठ्याहून जाड."

"संस्थानी कोंबड्या त्या. बदाम खाऊन माजल्या असतील," चिंतामणराव पुटपुटले.

सुलोचनाबाईंनी हाड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. हा डोडोच, कबुताराच्या कुळातला पक्षी, त्या सांगू लागल्या. पूर्वज उडत बेटावर आले. तिथं ना कोल्हा, ना मांजर. फळं पायाशी पडलेली. पंख पोसण्यातलं बळ ज्यांचं वाचलं त्यांचीच पिल्लं जास्त जगली, आणि हजारो पिढ्यांत पंख आखडले, पाय भरले. मग जहाजांतून माणसं आली, संगती डुकरं अन् उंदीर. शंभर वर्षांत सगळं आटोपलं.

"उरली एवढी हाडं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही तीही दळायला निघालात, चिंतामणराव. तुमच्या कचेरीपेक्षा हिचं स्वयंपाकघर शहाणं."

चिंतामणरावांनी यादीतली ओळ खोडली. पेटी कॉलेजात गेली, वर चिठ्ठी लागली अप्पासाहेबांच्या नावाची.

घरी अप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. रविवारी पानावर बसल्यावर, वर्षानुवर्षं त्यांच्याच ताटात पडणारी तंगडी त्यांनी उचलली आणि अंबिकेच्या ताटात ठेवली.

"खा," ते म्हणाले. "माझ्यासाठी भांडून दमली असशील."