थोडक्यात सांगा

दवाखान्याच्या जिन्यापाशी त्याने मला थांबवलं. "स्मरणशक्ती तपासतात ती खोली कुठे?"

"डावीकडे वळा, मग सरळ, काचेच्या दारानंतर उजवीकडे."

तो थोडा पुढे गेला आणि ओशाळून परत आला. "फक्त पहिलं वळण सांगा ना... पुढचं पुढे विचारीन."

मीच सोबत गेले. खोली माझीच होती.

तो सुतार. परांचीवरून पडला, डोक्याला मार बसला. तेव्हापासून तीन आकडे वाचून दाखवले तर जेमतेम एक परत म्हणता यायचा. केसपेपर काढून मागाहून येणारी त्याची ताई मान फिरवून डोळे टिपायची.

पुढच्या खेपेला मी आकडे काढले, तर म्हणाला, "मागच्या वेळी तुमचा कुर्ता निळा होता. आणि 'सात' म्हणताना तुम्ही हसता."

"चाचणी तुमची चाललीय... माझी नाही."

"मग पास झालो का?"

मी खाली बघितलं. कान मात्र तापले होते.

तपासण्या संपल्या त्या दिवशी ताईंनी मला बाजूला घेतलं. "पोरी, मला सगळं दिसतंय. पण नाद सोड. आत्ताचं ज्याला धरता येत नाही, तो तुला काय लक्षात ठेवणार?"

"ताई, आत्ताचं धरायची जागा वेगळी, जन्मभर जपायची वेगळी. माझ्याकडे तपासणीला एक गुरुजी येतात. आकडे घडाघडा म्हणतात, पण पाणी पिऊन आले की विचारतात, आपण कोण? यांचं नेमकं उलट. यांची पहिली जागा दुखावलीय, दुसरी ठणठणीत आहे."

ताई विचारात पडल्या. "म्हणजे भांडलात, तर हा कधीच विसरायचा नाही?"

"तीच तर पंचाईत आहे."

त्या पहिल्यांदाच हसल्या.

तो फाटकापाशी उभा होता. मी मनाशी घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं, "तपासणी संपली म्हणून काही... म्हणजे तुमची हरकत नसेल, आणि ताईंचीही, तर मला असं वाटतं की—"

त्याच्या कपाळावर आठी पडली. "सुरुवात निसटली... थोडक्यात सांगा ना."

मी त्याचा खरखरीत हात हातात घेतला. "माझ्यापाशी राहा."

"माझ्यापाशी राहा," तो हळूच म्हणाला.

"अहो, परत म्हणायला नव्हतं सांगितलं..."

"परत नाही म्हटलं," तो म्हणाला. "मीही विचारतोय."