विश्वजितचा लॅपटॉप

लाईट गेली की आमच्या आजोबांच्या, म्हणजे आण्णांच्या, सगळ्या गोष्टी खऱ्या होतात. "सांगा," मी म्हटलं, "पण थोडक्यात."

गेल्या वर्षीची, नागपंचमीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. लक्ष्मीपुरीत आण्णांच्या झेरॉक्स दुकानाला लागून तोहिदचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. कागलचे गणपतराव मुलीला, संयोगिताला, घेऊन तिथं आले. हातात तिच्या भावाचा लॅपटॉप. विश्वजित उन्हाळ्यात गगनबावड्याच्या घाटात मोटरसायकल घसरून गेला होता. संयोगिताची सकाळी नोकरीची ऑनलाइन परीक्षा होती आणि घरात दुसरा लॅपटॉप नव्हता.

"परत तेच," ती म्हणाली.

तेच म्हणजे, तोहिदनं फॉरमॅट मारून द्यायचा आणि घरी उघडला की पडद्यावर विश्वजितचं नाव, खाली पासवर्डची चौकट. शेवटी मागच्या खेपेला त्यानं हार्डडिस्कच नवी घातली होती. कोरी.

"आण्णा, नेटवरून आपोआप परत येत असणार," मी मधेच म्हटलं.

"नेट जोडलंच न्हवतं. ऐक की गुमान."

तोहिदनं लॅपटॉप उघडला. विश्वजितचं नाव. चौकट. त्यानं हात मागं घेतले.

"पावणं, खरं सांगा. पोरगं गेल्यावर त्याला काय बोललासा?" तोहिदनं विचारलं.

गणपतरावांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "रक्षाविसर्जनाला कावळा निवदाला शिवंना. सगळं बोलून बघितलं. शेवटी म्हटलं, तुझ्या लॅपटॉपला आम्ही कोण हात लावणार न्हाय. लगेच शिवला."

"आणि?"

"आम्ही कुठं लावला? तुमच्याकडंच दिला की."

कुणी हसलं नाही.

संयोगितानं खुर्ची ओढली. पडद्यासमोर बसली.

"दादा... उद्या परीक्षा हाय माझी. दे की."

बाहेर पाऊस. आत काहीच नाही...

लॅपटॉपच्या पंख्याची घरघर थांबली.

चौकटीत एक ठिपका उमटला.

तिचे हात मांडीवर होते.

दुसरा ठिपका. तिसरा...

लॅपटॉप उघडला.

तिनं परीक्षा दिली. नोकरी लागली.

"मग यात भ्यायचं काय?" मी विचारलं.

"त्यात विश्वजितचे सगळे फोटो हायत. कोऱ्या डिस्कवर. तोहिदनं घातल्याले न्हाईत." आण्णांचा आवाज खाली गेला. "पोरगी उघडती, आई बघती. गणपतरावानं नुसतं बोट टेकलं तरी बंद पडतोय."

"मग त्यांनीही मागावं की. तिनं मागितलं तसं."

"शब्द मोडल्याल्या बापानं कुठल्या तोंडानं मागायचं?"

आण्णांनी मेणबत्ती जवळ ओढली.

"परवा कागलला गेलतो. पोरगी फोटो दावत हुती. बाप तिच्यामागं, हात पाठीशी बांधून, वाकून बघत हुता. शेवटचा फोटो आला..."



"कुणाचा?"

"बापाचाच. तसाच वाकून पडद्याकडं बघणारा... समोरनं काढल्याला."

"लॅपटॉपचा कॅमेरा असतो, आण्णा."

"हाय की. पोरीनं त्यावर पहिल्या दिवसापास्नं काळी चिकटपट्टी लावल्याली हाय."