सोल म्हणजे काय, मारित?

तीन महिन्यांपूर्वी एक उंच, चिंब भिजलेला मुलगा आमच्या बेकरीत शिरला आणि थेट माझ्या पायावर पाय देऊन उभा राहिला! बार्सेलोनाचा बिएल. माशांवर संशोधन करायला इथे पार उत्तरेच्या टोकाला, आमच्या ट्रॉम्सोत आलेला. माफी मागता मागता त्याची नजर पाटीवर गेली.

"सोल! हा तर आमचा शब्द!"

"ए, आमचा आहे. आम्ही 'सूल' म्हणतो. सूर्य."

"आमच्याकडेही सूर्यच. दोन्ही एकाच पणजीची पतवंडं दिसतायत..."

"म्हणजे आपण नातेवाईक?"

"छे छे— तसलं नातं नको!" म्हणाला, आणि गडी चक्क लाजला. मीही लाजले, खोटं कशाला बोलू?

मग तो रोजच येऊ लागला. रोज मला त्याच्या भाषेतला एक शब्द शिकवायचा, दुसऱ्या दिवशी मी तो विसरायचे. मनातलं मात्र... दोघांपैकी कुणीच बोलेना.

आज दोन महिन्यांच्या अंधारानंतर सूर्य दिसायचा होता. आमच्या गोड सूर्यपावांसाठी बाहेर ही भली मोठी रांग! बिएल आला तो पाठीवर सामान घेऊनच. त्याचं काम संपलं होतं. आणखी वर्षभर राहतोस का, असं त्याच्या संशोधन संस्थेनं त्याला विचारलं होतं, पण त्यानं उत्तर दिलं नव्हतं. दुपारची बोट होती. त्यानं पावाच्या पिशवीवर आपल्या भाषेत एक ओळ लिहिली आणि माझ्यापुढे सरकवली. मला एकच शब्द कळला— सोल. सूर्य दिसेल का, असंच विचारतोय ना!

"हो तर! शंभर टक्के!" मी खुशाल ओरडले.

त्याचा चेहरा पडला. "बरं..." म्हणाला आणि निघून गेला.

बेकरीच्या गल्ल्यावर बसणाऱ्या टॉरूनमावशीनं बार्सेलोनात चार वर्षं काढलेली. तिनं पिशवी वाचली आणि कपाळावर हात मारला.

"बावळट! त्यांच्यात 'सोल' म्हणजे 'एकटा' असंही होतं. तो शब्दच वेगळ्या घराण्यातला. पोरानं विचारलंय, 'मी एकटाच जाऊ?'"

"अगं बाई! आणि मी हो म्हणाले?"

"शंभर टक्के म्हणालीस. पळ आता!"

एप्रनसकट, पिठाच्या हातांनी धावले. बर्फावर दोनदा आपटले. बिएल बोटीच्या शिडीवर पोचला होता.

"बिएल! एकटा जाऊ नकोस! म्हणजे... जाऊच नकोस!"

"अगं, पण मघाशी तर तू—"

"मघाशी मला वाटलं, तू सूर्याचं विचारतोयस! मला तू आवडतोस रे. खूप. कळलं?"

त्यानं सामान धक्क्यावर भिरकावलं आणि मागोमाग स्वतःच उडी मारली.

"वर्षभर राहायला सांगतायत," तो धापा टाकत म्हणाला. "राहू?"

"नुसत्या एका वर्षानं काय होतंय?"

टेकडीवर गावानं एकच जल्लोष केला. सूर्य आला होता म्हणे. आम्हाला बघायला सवड कुठली! त्याच्या काळ्या कोटावर माझ्या दहाही बोटांचे पिठाचे ठसे उमटले होते, आणि बोट त्याला न घेताच निघाली होती.