डोळस कॅमेऱ्याची थाप

"ह्यो कोण गो बाय?" भिकाजी गुरवांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "देऊळ आमचा. समई आमची. पण ह्यो मी नाय."

शर्वाणीला काही कळेना. फोटो तर झकास आला होता! देऊळ डोंगरातल्या गुहेत. भर दुपारीसुद्धा आत एका समईपुरता उजेड, आणि दुसरा दिवा लावायचा नाही हा गावाचा दंडक. तरीही तिच्या 'डोळस' कॅमेऱ्याने लख्ख फोटो काढला होता. २०६८ सालचं नवंकोरं यंत्र ते! पण फोटोतल्या गुरवांचे गाल भरलेले होते आणि समोरच्या गुरवांचे पार बसलेले. हे कसं झालं?

गंमत नव्हती ही. गावात गुरवांची नऊ घरं, आणि पूजेची पाळी दर वर्षी एका घराकडे. भिकाजींची पाळी उद्याच्या नैवेद्याबरोबर संपणार होती. पुन्हा यायची ती आठ वर्षांनी, आणि त्यांचं वय होतं अठ्ठ्याहत्तर. त्यांची मुलगी सुलभा चांद्रतळावर (चंद्रावरच्या वस्तीत) नोकरीला. तीन वर्षांत तिचं येणं झालं नव्हतं. बाबा नैवेद्य दाखवतानाचा एक फोटो तेवढा तिने मागितला होता, आणि 'मी काढते!' असं शर्वाणीने छाती ठोकून सांगितलं होतं.

मुक्कामाच्या घरी तिने सगळं नलूआत्याला सांगितलं. नलूआत्या म्हणजे तिच्या बाबांची आत्या. दुर्बिणींची भिंगं घडवण्यात तिने तीस वर्षं घालवली होती.

"तुझ्या कॅमेऱ्याने थाप मारली," आत्या म्हणाली. "त्याचं भिंग केवढं? मुगाच्या दाण्याएवढं. अंधारात त्यातून उजेड येणार चिमूटभर. उरलेलं चित्र त्याने अंदाजाने रंगवलं. म्हातारा माणूस कसा दिसतो, हे त्याला लाखो फोटोंवरून ठाऊक आहे. भिकाजी कसे दिसतात, हे कुठे ठाऊक आहे?"

मग तिने आपली जुनी पेटी उघडली. आत एक साधा कॅमेरा आणि दोन भिंगं. एक हातभर लांब, दुसरं वाटीसारखं बुटकं. शर्वाणीने अर्थातच लांबडं उचललं. तुम्हीही तेच उचललं असतंत!

"ते दूरचे पक्षी टिपायला," आत्या म्हणाली. "गुहेत तू उभी राहणार त्यांच्यापासून चार हातांच्या अंतरावर. शिवाय त्यावरचा आकडा वाच."

"५.६. आणि बुटक्यावर १.४. मग मोठा आकडा चांगला ना?"

"एक पोळी पाच जणांत वाटली तर वाट्याला मोठा तुकडा येतो की दोघांत वाटली तर?"

"दोघांत."

"हा आकडाही वाटणीचाच. भिंगाचं नाभीय अंतर (भिंगापासून चित्र ठळक उमटतं तिथवरचं अंतर) या आकड्याने भागायचं, की छिद्रक (भिंगातलं उजेड आत घेणारं भोक) किती रुंद ते कळतं. आकडा लहान, तर भिंगाच्या मानाने भोक मोठं. ५.६ म्हणजे १.४ ची चौपट; भोक चौपट रुंद आणि चौपट उंच, म्हणून १.४ मधून ५.६ च्या सोळापट उजेड येतो."

"मग लांबड्याला सोळापट वेळ देऊ. कॅमेरा तिवईवर ठेवू!"

"तिवईने कॅमेरा हलायचा थांबेल, भिकाजी कसे थांबतील? त्या भिंगाला पुरा एक सेकंद लागेल. तेवढ्यात माणूस हलला, की फोटोत नुसता धूर. बुटक्याला सेकंदाचा सोळावा भाग पुरे. तोही मोठाच आहे म्हणा, पण निभेल."

"आणि संवेदनक्षमता (आलेला उजेड कॅमेऱ्याने वाढवून दाखवायचं माप) अजून चढवली तर?"

"थोडी चढवू. पण कर्ण्याचा आवाज वाढवला की खरखरही वाढते ना? तसा फोटोत बारीक ठिपक्यांचा रवा उठतो. उठू दे. रवा खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी गुहेत शर्वाणीने आधी नुसतं पाहिलं. गुरवांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. मग देव जेवेपर्यंत ते डोळे मिटून, छातीशी हात जोडून उभे राहिले. हीच वेळ! तिने मिटल्या पापणीवर नेम धरला, श्वास रोखला आणि कळ दाबली.

फोटोत कोपरे काळे होते, रवा होता, पण बसलेल्या गालांवर समईचा उजेड होता. फक्त जोडलेले हात पुसट आले होते. शर्वाणीला रडूच कोसळलं. "तेवढे हात डोळसकडून नीट करून घेऊ?" तिने विचारलं.

गुरवांनी फोटो नुसता एकदा पाहिला. "ह्यो मी," ते म्हणाले. "असोच धाड."

फोटो गेला. चांद्रतळावरून उत्तर यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पडद्यावर सुलभा दिसली, डोळे भरलेले.

"बाबानु, हात कधीपासून थरथरतत? माका सांगूक नाय तुमी?"

गुरवांनी हात धोतराच्या सोग्याखाली लपवले. "दोन वर्सां झाली," ते हळूच म्हणाले.

शर्वाणी चमकली. म्हणजे हात पुसट आले ते तिच्या चुकीने नव्हे. ते थरथरत होते, आणि सेकंदाच्या त्या सोळाव्या भागात उजेडाने ते जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. डोळसने काढलेल्या कालच्या फोटोत हेच हात दगडासारखे स्थिर होते.

"पुढल्या महिन्यात यान सुटतला," सुलभा म्हणाली. "मी घराक येतंय."